जॅब मारल्यावर डावा हात खाली यायचा, एवढ्या एका चुकीनं जो लुईला हरवलं होतं

१९ जून १९३६. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. रिंगमध्ये एका बाजूला होता २२ वर्षांचा जो लुई. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये येऊन त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत तो एकही लढत हरला नव्हता. समोर होता जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग. वय ३०, माजी विश्वविजेता. पण त्याचे चांगले दिवस आता सरलेत, असंच सगळे धरून चालले होते.

झालं उलटंच. चौथ्या फेरीत श्मेलिंगचा उजवा ठोसा लुईच्या जबड्यावर बसला आणि व्यावसायिक कारकिर्दीत लुई पहिल्यांदा खाली पडला. तो उठला, पण पुढच्या फेऱ्यांमध्येही तोच उजवा ठोसा पुन्हा पुन्हा त्याच बाजूला बसत राहिला. बाराव्या फेरीत लुई जो पडला, तो दहा आकडे मोजून झाले तरी उठू शकला नाही.

श्मेलिंगकडे कुठली जादू नव्हती. लुईची एक लढत त्यानं समोर बसून पाहिली होती, इतर लढतींच्या फिल्म मागवून अभ्यासल्या होत्या आणि त्यातून एकच गोष्ट हेरली होती. डाव्या हातानं जॅब मारून झाला की तो हात परत घेताना लुई खांद्याच्या खाली आणायचा. क्षणभर त्याच्या जबड्याची डावी बाजू उघडी पडायची. श्मेलिंगनं तेवढ्या एका क्षणाची वाट पाहिली.

गंमत म्हणजे, ज्यांचं बेसिक सगळ्यात पक्कं होतं अशा बॉक्सरांची यादी काढायची म्हटली, तर जो लुईचं नाव आजही अगदी वर येतं. मग असा माणूस इतक्या साध्या चुकीनं कसा हरला? आणि हरल्यावर त्यानं नेमकं काय केलं? त्यासाठी त्याची गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागते.

व्हायोलिनचे पैसे बॉक्सिंगला

जोसेफ लुई बॅरोचा जन्म १३ मे १९१४ चा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात, लाफायेट गावाजवळच्या कापूस पिकवणाऱ्या भागात. घरात आठ भावंडं, त्यात हा सातवा. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं शेती करायचे. जो लहान असतानाच वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. पुढे आई लिलीनं पॅट ब्रुक्स नावाच्या माणसाशी दुसरं लग्न केलं.

त्या काळी दक्षिणेत कृष्णवर्णीयांना ना नीट काम होतं, ना सुरक्षितता. उत्तरेकडच्या शहरांत मात्र मोटारींचे कारखाने उभे राहत होते. लाखो कुटुंबांनी गाव सोडून उत्तरेची वाट धरली, त्यातच १९२६ साली हे कुटुंबही डेट्रॉइटला आलं. जो तेव्हा १२ वर्षांचा होता.

अभ्यासात तो मागे होता, बोलायचाही कमी. त्याला व्यावसायिक शाळेत घातलं, तिथं तो लाकडी फर्निचर बनवायला शिकू लागला. पोरानं काहीतरी चांगलं शिकावं म्हणून आईनं त्याला व्हायोलिनच्या शिकवणीला घातलं. पण शिकवणीचे पैसे जाऊ लागले ब्रूस्टर सेंटर या व्यायामशाळेत. एका मित्राच्या नादानं जो तिथं गेला होता आणि ग्लोव्हज घातल्यावर त्याला व्हायोलिनची आठवण राहिली नाही.

१९३२ साली त्याची पहिली हौशी लढत झाली, ती जॉनी मायलर या ऑलिंपिकपटूशी. या लढतीत जो तब्बल सात वेळा खाली पडला. घरी आल्यावर सावत्र वडिलांनी त्याला कारखान्यात नोकरी धरायला सांगितलं. तो फोर्डच्या कारखान्यात कामाला लागलाही. काही महिन्यांनी मात्र तो पुन्हा ब्रूस्टरमध्ये दिसू लागला.

पुढच्या दोन वर्षांत तो ५० हून जास्त हौशी लढती खेळला आणि त्यातल्या फक्त ४ हरला. १९३४ साली त्यानं लाइट हेवीवेट गटात राष्ट्रीय हौशी विजेतेपद मिळवलं.

वस्ताद मिळाला, तोही नाखुशीनं

जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक हे दोघे त्याचे मॅनेजर झाले. दोघेही कृष्णवर्णीय. त्यांनी लुईला शिकागोला नेऊन एका माणसाच्या हवाली केलं. त्याचं नाव जॅक ब्लॅकबर्न.

ब्लॅकबर्न स्वतः एकेकाळी हलक्या वजनाचा, पण भल्याभल्यांना भारी पडणारा बॉक्सर होता. दारूचं व्यसन, तापट डोकं आणि एका माणसाच्या मृत्यूप्रकरणी भोगलेला तुरुंगवास, असा त्याचा इतिहास. पण बॉक्सिंगचं ज्ञान अफाट. कृष्णवर्णीय हेवीवेट बॉक्सर घडवायची मात्र त्याची तयारी नव्हती. कारण सरळ होतं, त्यात भविष्यच नव्हतं.

याचं मूळ जॅक जॉन्सनमध्ये होतं. जॉन्सन १९०८ साली हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय विश्वविजेता झाला. तो कुणापुढे दबायचा नाही, हरलेल्या गोऱ्या बॉक्सरांना हसायचा, गोऱ्या बायकांशी लग्न करायचा. गोऱ्या अमेरिकेला ते सहन झालं नाही. १९१५ मध्ये त्याचं विजेतेपद गेलं आणि त्यानंतर २२ वर्षं एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेटच्या विजेतेपदासाठी लढू दिलं गेलं नाही.

म्हणून लुईला दोन प्रकारचे धडे मिळाले. मॅनेजरांचे धडे रिंगबाहेरचे होते. हरलेल्याकडे बघून हसायचं नाही, गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही, एकट्यानं नाइटक्लबमध्ये जायचं नाही. कॅमेऱ्यासमोर चेहरा मख्ख ठेवायचा. लुईचा तो जगप्रसिद्ध निर्विकार चेहरा काही प्रमाणात असा शिकवलेला होता.

ब्लॅकबर्नचा पहिला धडा त्याहून रोखठोक होता. पंच गोरे असणार, ते कृष्णवर्णीयाला गुणांवर जिंकवतील याचा भरवसा नाही. तेव्हा निकाल त्यांच्या हातात द्यायचाच नाही, समोरच्याला नॉकआउट करायचं.

पण नॉकआउट करायचं म्हणजे नुसती ताकद लावायची नाही. ताकद लुईकडे आधीपासून होती. ब्लॅकबर्ननं त्याला पुन्हा पहिलीपासून शिकवायला घेतलं.

लुईचं बेसिक म्हणजे नेमकं काय?

सुरुवात पायांपासून. आपल्याकडे तालमीत वस्ताद पोराच्या डावांआधी त्याचा पवित्रा बघतो, तसंच बॉक्सिंगमध्येही आहे. लुई रिंगमध्ये नाचायचा नाही. डावा पाय पुढे, उजवा मागे आणि दोन्हींमधलं अंतर कायम सारखं. पुढे जाताना पाय उचलून टाकायचा नाही, जवळजवळ घासत सरकवायचा. पायात पाय कधी अडकायचा नाही, त्यामुळे कुठल्याही क्षणी तो ठोसा मारायला तयार असायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे जॅब. पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा म्हणजे जॅब. बऱ्याच बॉक्सरांसाठी तो नुसता समोरच्याला लांब ठेवायचा हात असतो. लुईचा जॅब खांब आदळल्यासारखा बसायचा. त्यानं समोरच्याचं डोकं मागे जायचं, तोल जायचा आणि मागच्या उजव्या हाताला वाट मोकळी व्हायची.

तिसरी गोष्ट, आखूड ठोसे. हात लांबून फिरवून आणला की तो दिसतो आणि चुकवता येतो. लुईचा हात जिथं असेल तिथूनच सुटायचा आणि काही इंचांतच जाऊन बसायचा. मग एवढी ताकद यायची कुठून? मागच्या पायाच्या रेट्यातून, कमरेच्या पिळातून आणि खांद्यातून. हात फक्त शेवटचं काम करायचा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे तोल. जोरात ठोसा मारल्यावर बहुतेकांचं शरीर ठोशाबरोबर वाहत जातं. लुईचं शरीर जागेवर राहायचं. म्हणून पहिल्या ठोशामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा असे ठोसे अखंड सुटायचे. एकदा समोरचा हलला की लुईच्या हातून क्वचितच सुटायचा.

यात काही उणीव नव्हती असं नाही. लुईचे पाय वेगवान नव्हते. सतत फिरत राहून मारणारा, पटकन आत येऊन पटकन बाहेर जाणारा प्रतिस्पर्धी त्याला जड जायचा.

४ जुलै १९३४ ला शिकागोत त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली आणि पहिल्याच फेरीत संपली. जून १९३५ मध्ये त्यानं इटलीच्या धिप्पाड प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत हरवलं, सप्टेंबरमध्ये मॅक्स बेअरला चौथ्या फेरीत. हे दोघेही माजी विश्वविजेते. बेअरशी लढला त्याच दिवशी त्यानं मार्वा ट्रॉटरशी लग्न केलं.

चूक कुठं राहिली?

सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, इथंच घोटाळा झाला. प्रतिस्पर्धी एवढ्या लवकर पडत होते की जॅबनंतर खाली येणाऱ्या त्या हाताची शिक्षा लुईला कुणी दिलीच नव्हती. जी चूक महागात पडत नाही, ती चूक वाटत नाही. त्यात श्मेलिंगच्या लढतीआधी लुईला गोल्फचं वेड लागलं होतं. तयारीच्या शिबिरातही त्याचा वेळ गोल्फमध्ये जायचा.

त्या पराभवानंतर कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये सुतकासारखं वातावरण होतं. मंदीच्या त्या काळात लुई हा त्यांचा सगळ्यात मोठा आधार होता. जर्मनीत मात्र नाझींनी या निकालाचा प्रचारासाठी पुरेपूर वापर करून घेतला.

लुईनं कारणं दिली नाहीत. तो परत ब्लॅकबर्नसमोर उभा राहिला आणि दोघांनी त्या डाव्या हातावर काम सुरू केलं. नवा डाव नाही, नवी युक्ती नाही. जॅब मारायचा आणि ज्या रेषेत हात गेला त्याच रेषेत परत आणायचा. शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात, तेच. दोन महिन्यांतच, ऑगस्ट १९३६ मध्ये तो पुन्हा रिंगमध्ये उतरला आणि माजी विश्वविजेत्या जॅक शार्कीला त्यानं तिसऱ्या फेरीत संपवलं.

विजेतेपदासाठी खरं तर नंबर श्मेलिंगचा होता. पण तेव्हाचा विश्वविजेता जेम्स ब्रॅडॉक लुईशी लढायला तयार झाला, कारण त्याला लुईचे प्रमोटर माइक जेकब्स यांच्या हेवीवेट लढतींच्या नफ्यातला १० टक्के वाटा पुढची दहा वर्षं मिळणार होता. २२ जून १९३७ ला शिकागोत ही लढत झाली. पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकनं लुईला खाली पाडलं. लुई उठला, गडबडला नाही, जॅबनं पुन्हा लढत हातात घेतली आणि आठव्या फेरीत ब्रॅडॉकला नॉकआउट केलं.

जॉन्सननंतर २२ वर्षांनी हेवीवेटला कृष्णवर्णीय विश्वविजेता मिळाला. पण श्मेलिंगचा हिशेब चुकता होत नाही तोवर लुई स्वतःला विश्वविजेता मानायला तयार नव्हता.

१२४ सेकंद

तो दिवस बरोबर एका वर्षानं आला. २२ जून १९३८, जागा तीच, यांकी स्टेडियम. सुमारे ७० हजार प्रेक्षक समोर, कोट्यवधी लोक रेडिओला कान लावून. युरोपवर युद्धाचं सावट होतं आणि ही लढत आता लोकशाही विरुद्ध नाझी अशी रंगवली जात होती. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सदस्य नव्हता, त्याचा अमेरिकेतला मॅनेजर तर ज्यू होता. पण त्या रात्री हे कुणी ऐकून घेणार नव्हतं.

जो लुईवर कृष्णवर्णीय म्हणून देशातल्या अनेक हॉटेलांची दारं बंद होती, तोच आता सगळ्या अमेरिकेचा प्रतिनिधी झाला होता.

घंटा वाजताच लुई सरकत पुढे आला. जॅब, लगेच उजवा, पुन्हा डावा. श्मेलिंगला अंतर मिळालं नाही आणि वाट बघायला वेळही मिळाला नाही. त्याच्या हातून संपूर्ण लढतीत दोनेक ठोसेच सुटले. दोरांवर रेललेल्या श्मेलिंगच्या बरगड्यांखाली लुईचा एक उजवा ठोसा असा बसला की मणक्याचं हाड मोडलं. श्मेलिंग तीनदा खाली गेला आणि २ मिनिटं ४ सेकंदांत लढत संपली.

गंमत अशी, की पुढे याच दोघांची घट्ट मैत्री झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंवर हल्ले सुरू झाले, तेव्हा श्मेलिंगनं दोन ज्यू मुलांना आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवून वाचवलं होतं.

रिंगबाहेर मात्र गार्ड नव्हता

त्यानंतर लुईनं विजेतेपद सोडलं नाही. सगळ्यात जवळ पोचला तो बिली कॉन, १८ जून १९४१ ला. वजनानं हलका, पायांनी चपळ, म्हणजे लुईला जड जाणारा तोच नमुना. बाराव्या फेरीअखेर तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर कॉन पुढे होता. पण तेराव्या फेरीत तो फिरायचं सोडून समोरासमोर ठोसे मारायला गेला. लुईला तेवढंच हवं होतं. फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना कॉन नॉकआउट झाला.

१९४२ च्या जानेवारीत लुई सैन्यात भरती झाला. त्या वर्षी त्यानं दोन लढती केल्या आणि आपल्या वाट्याचे पैसे दान करून टाकले, एकदा नौदलाच्या आणि एकदा लष्कराच्या मदतनिधीला. एप्रिलमध्ये ब्लॅकबर्न वारला. एकमेकांना चॅपी या एकाच नावानं हाक मारणारी ही गुरुशिष्यांची जोडी फुटली.

युद्धकाळात लुईनं सैनिकांसमोर ९० च्या वर प्रदर्शनी लढती केल्या. तेव्हा अमेरिकी सैन्यातही गोरे आणि काळे वेगळे ठेवले जायचे. पुढे बेसबॉलमध्ये इतिहास घडवणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला अधिकारी प्रशिक्षणात प्रवेश मिळत नव्हता, तेव्हा लुईनं आपलं वजन खर्ची घातलं आणि रॉबिन्सनसह इतर कृष्णवर्णीयांना तो मार्ग मोकळा झाला.

या सगळ्या काळात पैशाचा हिशेब मात्र ठेवला नव्हता. लुईचा हात सढळ होता. मंदीत त्याच्या कुटुंबानं डेट्रॉइट शहराकडून घेतलेली सरकारी मदत त्यानं परत केली होती. मित्र, नातेवाईक, अनोळखी, कुणालाही तो नाही म्हणायचा नाही. त्यात मॅनेजरांचा मोठा वाटा, न चाललेले धंदे आणि युद्धकाळात वाढलेले कराचे दर. दान केलेल्या पैशांवरही कर लागला. व्याज आणि दंड चढत जाऊन थकबाकी पुढे दहा लाख डॉलरच्या वर गेली.

१ मार्च १९४९ ला तो निवृत्त झाला, तेव्हा ११ वर्षं ८ महिने विश्वविजेता होता आणि २५ वेळा त्यानं विजेतेपद राखलं होतं. हेवीवेट गटातला हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. पण करापायी त्याला परत यावं लागलं. सप्टेंबर १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सनं त्याला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं. त्यानंतर तो सलग आठ लढती जिंकला, बऱ्याचशा त्याच जुन्या जॅबच्या जोरावर.

२६ ऑक्टोबर १९५१ ला समोर आला रॉकी मार्सियानो. लुई ३७ वर्षांचा, मार्सियानो २८ चा. पवित्रा तोच होता, जॅबही बसत होता. पण जॅबमागून जो उजवा हात सुटायला हवा, तो आता वेळेवर सुटत नव्हता. आठव्या फेरीत लुई दोरांमधून बाहेर पडला आणि लढत थांबवली गेली. लहानपणापासून लुईला मानणारा मार्सियानो जिंकूनही रडला. लुईची ही शेवटची लढत.

पुढे कर्ज फेडायला त्यानं व्यावसायिक कुस्तीचे खेळही केले. १९५२ मध्ये सॅन दिएगोतल्या पीजीएच्या गोल्फ स्पर्धेत तो खेळला, तेव्हा संघटनेच्या नियमांनुसार सदस्यत्व फक्त गोऱ्यांनाच मिळायचं. नंतरच्या काळात अमली पदार्थ आणि मानसिक आजार यांनी त्याला घेरलं. १९७० मध्ये काही महिने रुग्णालयात काढावे लागले. शेवटची वर्षं तो लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या हॉटेलात पाहुण्यांचं स्वागत करायचा.

११ एप्रिल १९८१ ला तिथंच लॅरी होम्सची विश्वविजेतेपदाची लढत होती. व्हीलचेअरवरून लुई ती बघायला आला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ६६. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नियमाला अपवाद केला आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्याला निरोप दिला गेला.

त्याच्या ६९ व्यावसायिक लढतींपैकी ६६ विजय आहेत आणि त्यातले ५२ नॉकआउट. हरला फक्त तीनदा. त्यातले दोन पराभव वयानं झाले. बॉक्सर म्हणून चुकून हरला तो एकदाच, १९३६ साली.

श्मेलिंगबरोबरच्या दोन्ही लढतींच्या फिल्म आज सहज बघायला मिळतात. नॉकआउटचे क्षण तर सगळेच बघतात. बॉक्सिंग शिकायचं असेल तर पहिल्या लढतीत जॅबनंतर लुईचा डावा हात कुठं येतो ते आधी बघायचं, आणि मग दुसऱ्या लढतीत त्याचे पाय.